फूट ड्रॉपसाठी एएफओ: काही महिने रोज वापरल्यानंतर

माझं ऑपरेशन कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीचं होतं. पायात उतरणारी कळ त्याने गेली, पण डावं पाऊल वर उचलणं काही परत आलं नाही. यालाच फूट ड्रॉप म्हणतात. ऑपरेशन नसेवरचा दाब काढतं. दबून इजा झालेली नस आपल्या गतीने भरते, किंवा काही वेळा पूर्ण भरतही नाही. तुटलेला तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. कमरेपासून नडगीच्या स्नायूपर्यंतचं अंतर बघितलं की किती धीर धरायचा ते समजतं. नुसतं नसेवरचं आवरण दुखावलं असेल तर ताकद बरीच लवकर येते. कोणता प्रकार आहे ते ईएमजी तपासणीत (स्नायूंमधले विजेचे संकेत मोजणारी) बरंचसं दिसतं, पण इजेनंतर सुमारे तीन आठवडे गेल्याशिवाय ती तपासणी नीट बोलत नाही.

या मधल्या काळात चालायचं कसं? त्यासाठी एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरणारा आधार (अँकल-फूट ऑर्थोसिस). पोटरीच्या मागून खाली येऊन तळव्याखाली जाणारा हा पातळ प्लास्टिकचा स्प्लिंट घोट्याला काटकोनात धरतो. माझा लीफ स्प्रिंग प्रकारचा आहे, घोट्यामागे अरुंद आणि थोडा लवचिक.

त्याने सगळ्यात जास्त काय दिलं असेल तर लक्ष. स्प्लिंटशिवाय प्रत्येक पावलाला गुडघा उंच उचलावा लागतो, नाहीतर चवडा जमिनीला अडकतो. नजर सतत खाली, पुढच्या उंचवट्यावर. बरोबरचं माणूस काय बोलतंय ते अर्धंच ऐकू येतं, आणि थोडं चाललं तरी डोकं थकतं. स्प्लिंट लावून मी मान वर करून चालते, चालता चालता बोलते. चालण्याचा वेग फारसा वाढलेला नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही.

टाच टेकल्यानंतर पाऊल हळूच खाली उतरवण्याचं कामही नडगीचाच स्नायू करतो. तो लुळा पडला की पाऊल फटकन आपटतं. तो आवाज मला फार लागायचा. खोलीतल्या लोकांना मी येतेय हे आधी कळायचं. स्प्लिंटने तो जवळजवळ बंद झाला.

आता बूट, कारण एएफओ आणि बूट हे मिळून एकच साधन आहे. नुसता स्प्लिंट घालून गुळगुळीत फरशीवर चालणं धोक्याचं. अर्धा ते एक नंबर मोठा, आतली गादी काढता येणारा आणि लेस खूप खालपर्यंत सैल होणारा बूट हवा, म्हणजे स्प्लिंटसकट पाऊल आत सरकतं. टाचेची उंची महत्त्वाची. ज्या उंचीच्या बुटात स्प्लिंट बसवून घेतला तीच पुढच्या जोडीत ठेवावी. टाच उंच झाली की स्प्लिंट नडगीला पुढे ढकलतो आणि गुडघा वाकायला लागतो. ऑर्थोटिस्टकडे (असे स्प्लिंट बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे) जाताना रोजचेच बूट घेऊन जा, ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगते.

बधिरपणाचं प्रकरण जास्त गंभीर आहे. माझ्या पावलाची वरची बाजू आणि अंगठ्याजवळचा भाग बधिर आहे. तिथे काही घासलं तरी मला कळत नाही, म्हणजे दुखून सावध होण्याची सोय शरीराने काढून घेतलेली. म्हणून रोज संध्याकाळी स्प्लिंट काढला की पाय उजेडात धरून बघते: घोट्याची दोन्ही हाडं, टाच, पावलाची बाहेरची कड. तळवा दिसायला आरसा. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. राहिली तर स्प्लिंट बंद आणि ऑर्थोटिस्टला फोन. माझ्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर तो टोचत होता, तर तेवढाच भाग गरम करून बाहेर फुगवून दिला. पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे या प्लास्टिकचा, हा मोठा गुण आहे. कार्बन फायबरचा स्प्लिंट हलका असतो, पाऊल टाकताना थोडी उसळीही देतो, पण एकदा घडवला की असा बदलता येत नाही. ज्यांच्या पायाची ताकद आणि सूज अजून बदलते आहे त्यांनी आधी प्लास्टिकचाच घ्यावा, असं माझं मत आहे. आत पोटरीपर्यंतचा, शिवण नसलेला मोजा हवाच.

पोटरीचा वरचा पट्टा गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबत नाही ना, तेही बघा. पाऊल उचलणारी नस तिथे अगदी कातडीखालून जाते. याच कारणाने पायावर पाय टाकून बसणं मी सोडलं.

स्प्लिंट काय करत नाही तेही लिहायला हवं. तो स्नायू बळकट करत नाही. पोटरी आखडायला लागली की पुढे ताकद परत आली तरी पाऊल वर येत नाही, म्हणून टॉवेल चवड्यात अडकवून ताण देणं रोजचं आहे. आणखी एक गोष्ट मला फिजिओथेरपिस्टने दाखवली: पाचव्या कंबरमणक्याची नस कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूलाही जाते. तो कमजोर असला की उभ्या पायावर कंबर एका बाजूला कलते. मी कुशीवर झोपून पाय उचलण्याचा व्यायाम सुरू केल्यावर चालण्यात जो स्थिरपणा आला तो कुठलाही स्प्लिंट देऊ शकला नसता.

रात्रीच्या जळजळीला, विजेसारख्या चमकांनाही स्प्लिंटचा उपयोग नाही. त्यासाठी मला प्रीगाबालिन हे नसेच्या दुखण्याचं औषध दिलं. झोप लागते, सकाळी थोडं जड वाटतं. हे औषध मनाने एकदम बंद करू नये, हळूहळूच कमी करतात.

विजेच्या झटक्याने पाऊल उचलणाऱ्या यंत्राबद्दल खूप जण विचारतात. ते गुडघ्याखालच्या नसेला उत्तेजना देतं, आणि त्यासाठी मणक्यापासून स्नायूपर्यंतची नस शाबूत लागते. पक्षाघातानंतरच्या फूट ड्रॉपमध्ये ती असते. आमच्यासारख्यांची इजा नसेच्या मुळाशी असल्यामुळे बऱ्याच वेळा ते चालत नाही. घेण्याआधी चाचणी करून बघाच.

जिन्याचं सूत्र सोपं आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा हातात. गाडी चालवायची की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. ताठ स्प्लिंटमधून पेडलचा दाब नीट कळत नाही.

एक सूचना ठळकपणे: पायाची ताकद झपाट्याने कमी होत असेल, बसताना टेकतो तो भाग बधिर झाला असेल, लघवी अडकत असेल किंवा शौचावरचा ताबा सुटला असेल, तर फिजिओच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच क्षणी इमर्जन्सीत जा.

माझा अंगठा आता थोडा वर येतो. पाऊल मात्र गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अजून उचलत नाही, म्हणून बाहेर स्प्लिंट कायम आहे. घरात थोडा वेळ बूट आणि मऊ पट्टा घालून चालते, तेही भिंतीजवळून. ताकद आणखी वाढली तर ऑर्थोटिस्ट हलका प्रकार देऊन बघणार आहेत. तोवर वेल्क्रोत अडकलेले धागे काढून तो चिकटता ठेवायचा आणि तळ झिजलेला बूट वेळेवर बदलायचा.