एडीएचडी असलेल्या मुलासाठी खानापुरात करून घेतलेले अभ्यासाचे टेबल: सविस्तर अभिप्राय

आमचा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकतो आणि त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे कठीण जाण्याची आणि अतिचंचलतेची समस्या, आहे. त्याच्या गृहपाठासाठी आम्ही बेळगाव जिल्ह्यातील खानापुरातल्या एका सुतारकामाच्या दुकानातून टेबल, खुर्ची आणि भिंतीवरचे फडताळ असा संच करून घेतला. त्यावर एक पूर्ण पावसाळा आणि सहामाही परीक्षा पार पडल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. टेबल हा उपचार नव्हे. औषध आणि वर्तनविषयक मार्गदर्शन यांचा निर्णय डॉक्टरांचाच असतो. तरीही रोज संध्याकाळी होणारी ओढाताण या संचामुळे निश्चितपणे कमी झाली आहे.

बाजारातील तयार टेबले आम्ही आधी पाहिली होती. त्यांतील बऱ्याच टेबलांच्या पृष्ठभागावर पाढे, बाराखडी आणि कार्टूनची चित्रे छापलेली असतात, म्हणजे ज्या मुलाचे लक्ष मुळातच चटकन उडते त्याच्या वहीच्या चारही बाजूंना लक्ष उडवणाऱ्या गोष्टी मांडून ठेवल्यासारखे होते. शिवाय पार्टिकल बोर्डच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) कडा ओलाव्याने फुगतात आणि आमच्या भागातील पावसात तो धोका पत्करणे आम्हाला योग्य वाटले नाही.

दुकानातील मिस्त्रींची कामाची पद्धत मला विशेष आवडली. त्यांनी मुलालाच बरोबर आणायला सांगितले आणि त्याला स्टुलावर बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंतचे व बैठकीपासून कोपरापर्यंतचे माप घेतले. पाय लोंबकळत राहिले तर शरीर सतत आधार शोधत राहते, म्हणून पाय टेकायला खाली आडवी पट्टी दिली. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवावी, ही आमची विनंती त्यांनी कोणतेही आढेवेढे न घेता मान्य केली. मुलगा लिहिताना पायाने ती पट्टी ढकलत राहतो. आवाज होत नाही आणि हात मात्र वहीवर राहतो. टेबलाच्या एका बाजूला उभ्याने लिहिण्यासाठी तिरकी फळीही जोडून घेतली आहे आणि पाढे तो बहुतेक वेळा तिथेच लिहितो.

‘आधी एका जागी गप्प बस, मग अभ्यास कर’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, म्हणून या हालचालीबद्दल थोडे अधिक लिहिते. अमेरिकेतील फ्लोरिडातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांवरील अभ्यासात असे आढळले की, माहिती काही क्षण मनात धरून ठेवण्याच्या कामात एडीएचडी असलेली मुले जितकी अधिक हालचाल करत होती तितकी त्यांची कामगिरी चांगली होती. इतर मुलांच्या बाबतीत मात्र उलटे घडले. त्यामुळे पायाखालची ती साधी पट्टी मला या संचातील सर्वांत मोलाची वस्तू वाटते.

टेबलाची फळी आम्ही मुद्दाम लहान, अडीच फूट बाय दीड फूट ठेवली. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांच्या वह्या एकाच वेळी समोर असल्या की गणित अर्ध्यावर राहते. म्हणून बाकीचे सर्व साहित्य दार असलेल्या फडताळात ठेवतो. परंतु अशा मुलांच्या बाबतीत दृष्टीआड सृष्टी हेही तितकेच खरे असल्यामुळे, त्या दिवशीच्या वह्यांसाठी डाव्या हाताला एक उघडा कप्पा करून घेतला आहे. समोर, डोळ्यांच्या पातळीवर, सरत्या वेळेबरोबर लाल भाग कमी होत जाणारे घड्याळ ठेवले आहे. ते आम्ही वेगळे मागवले. किती वेळ उरला हे त्याला त्यात प्रत्यक्ष दिसते, आणि ते सेलवर चालत असल्यामुळे वीज गेली तरी अडत नाही.

बाजूच्या उंच आडपडद्यांबाबत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. दोन्हीकडून झाकले गेल्यामुळे, कोण आले हे पाहण्यासाठी मुलगा वारंवार उठत असे. शेवटी दाराकडचा पडदा ठेवला आणि दुसरा काढला. आता सासूबाई त्या बाजूला शेंगा फोडत बसतात, त्याच्याशी बोलत नाहीत, पण त्या शेजारी असल्या की त्याचा अभ्यास अधिक वेळ टिकतो. हाच विचार करून टेबल बंद खोलीत किंवा टीव्ही असलेल्या सोप्यात न ठेवता स्वयंपाकघरालगत ठेवले आहे.

खण हा दुसरा दोष आहे. पावसाळ्यात लाकूड फुगून तो अडकतो आणि खडखडतो. शिवाय तो उघडझाप करण्याचे खेळणेच होऊन बसतो. संच ठरल्यापेक्षा बराच उशिरा मिळाला, याचीही नोंद करते. वरचा मायका चकाकी नसलेला निवडल्यामुळे दिव्याची तिरीप डोळ्यांवर येत नाही. संपूर्ण संचाला साडेनऊ हजार रुपये लागले. ही किंमत तयार टेबलापेक्षा जास्त असली तरी, मुलाची उंची वाढेल तसे टेबलाच्या पायांखाली ठोकळे बसवण्याची सोय असल्यामुळे ती मला वाजवी वाटते.

मागणी नोंदवताना खण नको असे आधीच स्पष्ट सांगावे. मापे देण्यासाठी मुलाला शाळा सुटल्यावर न नेता सुट्टीच्या दिवशी सकाळी न्यावे, म्हणजे ती नीट घेता येतात.