लिलावात घेतलेली भेट: कुरिअरने मागवावी की पोस्टाने?

लिलाव जिंकून पैसे भरले की विक्रेत्याचा मेसेज येतो: कुरिअर की स्पीड पोस्ट? पुण्या-मुंबईच्या माणसाला यात विचार करण्यासारखं फारसं काही नसतं. आपण अहमदपूर, कंधार, परतूर अशा ठिकाणी असू आणि वस्तू कार्यक्रमाच्या आत हातात हवी असेल, तर हे बोली लावण्याआधीच ठरवलेलं बरं.

मी दोन्हीकडून मागवलंय, बहुतेक जुनी नाणी. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या हातावर हाली सिक्क्याचा, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या चलनातला, चारमिनारवाला रुपया ठेवला की आहेराच्या शालीकडे ते बघतही नाहीत. सात हाली म्हणजे सहा कलदार (इंग्रजी रुपये), हा हिशेब लगेच सुरू होतो. मामांचा जन्म निजामाच्या राजवटीतला, म्हणून त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला तोच द्यायचं ठरलं होतं.

वेगात कुरिअर पुढे, यात वाद नाही. मुंबईहून लातूरच्या हबपर्यंत पार्सल बघता बघता येतं. पण लातूरला आलं म्हणजे आपल्याकडे आलं असं नाही. तिथून पुढे ते नुसतं पडून राहतं आणि एके दिवशी ॲपवर उमटतं, 'ग्राहक उपलब्ध नाही'. आम्ही सगळे घरात, फोन हातात, साधा मिस्ड कॉलसुद्धा नाही. हबला विचारलं तर पोरगा म्हणतो, "सर, तिकडं आमची गाडी रोज नसते. इकडंच येऊन घेऊन जा की."

उशीर एकवेळ चालतो. पण जो दारात आलाच नाही, त्याने मी घरी नव्हतो असं लिहून ठेवायचं, हे काही केल्या पचत नाही. त्यात अशा दोन-तीन नोंदी झाल्या की पार्सल उलट पावली विक्रेत्याकडे. दुकानातला माल असता तर दुसरा मागवला असता. लिलावातला नग एकच असतो. तो परत निघायचा खर्च बहुधा आपल्याच माथी, आणि तोवर कार्यक्रम उरकलेला.

पोस्टाचं ट्रॅकिंग मितभाषी, रविवारी वाटप नाही, आणि किमती वस्तूचा विमा वेगळा सांगून करून घ्यावा लागतो. पण देशातली सुमारे नव्वद टक्के पोस्ट ऑफिसं ग्रामीण भागात आहेत. वस्तू गावच्या पोस्टात आली की ओळखपत्र दाखवून खिडकीवरूनही मिळते. आमचे पोस्टमनकाका तर फोन करून विचारतात, "घरी आहात का, का वहिनींकडं देऊ?" मामांचा रुपया असाच आला.

तुम्ही छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड शहरात असाल तर कदाचित कुरिअरच सोयीचं पडेल. पुण्याच्या भाच्याकडे मागवून ट्रॅव्हल्सने आणणं हाही मार्ग आहे, पण तो भाच्यावर अवलंबून.

तारीख अगदी तोंडावर असेल तर दोन्हींच्या भरवशावर राहू नका. लॉटचा फोटो छापून पाकिटात घालून द्या, नाणं मागून पोचवा. पोस्टाने मागवणार असाल तर विक्रेत्याला मु.पो., तालुका, जिल्हा सगळं नीट लिहायला सांगा. आपल्याकडे एकेक पिनकोड कितीतरी गावांना असतो.