बी टू झालं, आता पुढे काय? जर्मन एम.ए.ची दीड वर्षं

दर जूनमध्ये कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "ताई, बी टू झालंय. एम.ए.ला अ‍ॅडमिशन घेऊ की सरळ सी वनची परीक्षा देऊन मोकळी होऊ?" (भाषेच्या पातळ्या ए वनपासून सुरू होतात, बी टू ही चौथी, सी वन तिच्या पुढची.) आता तीन सेमिस्टर उरकल्यावर उत्तर द्यायला हरकत नाही. मी डोंबिवलीची, वय एकतीस. यंत्रांची जर्मन मॅन्युअलं इंग्रजीत करून देणं हा पोटापाण्याचा उद्योग. बी टू होऊन चार वर्षं झाली होती आणि भाषा तिथंच थिजली होती, म्हणून मुंबईतल्या एका विद्यापीठात नाव घातलं. कुठल्या ते सांगत नाही, कारण पुढे थोडं रडगाणं आहे.

पहिला गैरसमज माझाच होता. मला वाटलं होतं, एम.ए. म्हणजे बी टूच्या पुढचा क्लास. तसं काही नाही. विद्यापीठात कुणी भाषा शिकवत बसत नाही, ती तुम्हाला येते असं धरूनच चालतात. पहिल्याच आठवड्यात हातात चाळीस पानांची झेरॉक्स आली आणि "गुरुवारी यावर बोलू," एवढंच सांगितलं गेलं. व्याकरणाचे तक्ते, गाळलेल्या जागा, "चित्र पाहून संवाद म्हणा" वगैरे लाड संपले. साहित्य, भाषाशास्त्र, भाषांतर, आणि सेमिस्टरच्या शेवटी हाउसआर्बाइट, म्हणजे तळटीपांसकट लिहायचा पंधरा पानी निबंध. माझ्या पहिल्या निबंधाची सुरुवात मी छान भावनेला हात घालून केली होती. मॅडमनी पहिला परिच्छेद आख्खा खोडला आणि समासात लिहिलं, "मुद्दा दुसऱ्या पानावर सापडला."

रडगाणं आत्ताच उरकते. निकाल इतका उशिरा लागतो की तोवर पेपरात काय लिहिलं होतं तेही विसरायला होतं. संभाषणाच्या तासाला जर्मनीहून आलेली एक शिक्षिका होती, ती एका सेमिस्टरनंतर परत गेली आणि तो तास वेळापत्रकात आहे, वर्गात नाही. विभागातली निम्मी पुस्तकं १९९८च्या आधीची. त्या वर्षी जर्मन शुद्धलेखनाचे नवे नियम लागू झाले, 'दास' म्हणजे 'की' या अव्ययाच्या शेवटी असलेला एसझेट, म्हणजे ß हे अक्षर, गेला आणि दोन एस आले. ही पुस्तकं वाचून वाचून मी ऑफिसच्या ईमेलमध्ये एसझेट घालायला लागले, तेव्हा समोरच्याने विचारलं की तुम्ही जर्मन आजोबांकडून शिकलात का.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

दुसऱ्या सेमिस्टरला भाषांतराच्या तासाला मॅडमनी फळ्यावर एक शब्दसमूह लिहिला. 'देअर गेस्टर्न फॉन माइनर मुटर आउफ देम मार्क्ट गेकाउफ्ते फिश.' पुस्तकी जर्मनमध्ये हे फार. 'देअर' हे आर्टिकल अगदी सुरुवातीला, नाम थेट शेवटी, आणि मधल्या बोगद्यात सगळं सामान. आम्ही अकराजण सवयीने इंग्रजीतून चाललो होतो. आधी शेवटचा मासा पकडायचा, मग 'जो' लावायचा, मग मागे येऊन कोणी, कुठे, कधी ते गोळा करायचं. वहीवर बाणच बाण. वसईचा एकजण मात्र पेन न उचलता म्हणाला, "मॅडम, काल माझ्या आईने बाजारात घेतलेला मासा." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "पुन्हा म्हण," म्हणाल्या, आणि तो म्हणत असताना त्यांनी जर्मनच्या प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द लिहिला. गेस्टर्नखाली काल, मुटरखाली आईने, मार्क्टखाली बाजारात, गेकाउफ्तेखाली घेतलेला, फिशखाली मासा. क्रम एका जागीसुद्धा हलला नाही. इंग्रजीवाल्यांना घाम फोडणारी ही रचना आपण 'शेजारच्यांनी दिलेली साखर' म्हणताना रोज करतो.

त्या दिवसापासून मी मॅन्युअलं वाचताना इंग्रजी मधून काढून टाकलं. आधी मनात मराठी, मग कागदावर इंग्रजी. वेळ वाचतो, हे खोटं वाटेल पण खरं आहे.

मग अशा जागा सापडतच गेल्या. ए वनला 'मला थंडी वाजतेय'साठी सगळे 'इश बिन काल्ट' म्हणतात, कारण डोक्यात 'आय अ‍ॅम कोल्ड' असतं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ मी थंड स्वभावाची आहे असा होतो. बरोबर आहे ते 'मिअर इस्ट काल्ट'. मिअर म्हणजे मला. शाळेत घोकलेली चतुर्थी समोर उभी होती आणि आम्ही तिला डेटिव्ह म्हणून घाबरत होतो.

खरी मजा आली ती छोट्या शब्दांत. लाइपझिगची एक मुलगी आणि मी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास जर्मन, अर्धा तास हिंदी बोलतो. तिसऱ्या कॉलला ती म्हणाली, "तुझं व्याकरण बरोबर आहे, पण तू सरकारी पत्रासारखी बोलतेस." कारण माझ्या बोलण्यात दोख, या, माल, हाल्ट, देन यातलं एकही नव्हतं. पुस्तकात यांना एक पान असतं आणि इंग्रजी अर्थ दिलेला नसतो, कारण देता येत नाही. मराठीत येतो. 'कोम दोख मिट' म्हणजे 'चल की'. 'कोम माल हेअर' म्हणजे 'इकडे ये जरा'. 'वास माख्स्ट दू देन' म्हणजे 'करतेस तरी काय'. 'दास इस्ट हाल्ट झो' म्हणजे 'असतं आपलं एकेक'. आणि कुणी "तू येत नाहीयेस ना?" विचारलं की जर्मन माणूस नुसतं "दोख!" म्हणतो. त्याचं इंग्रजी शिक्षक दहा मिनिटं समजावतात. मराठी दोन शब्दांत होतं, "येतेय की!"

थोडा सावधपणा मात्र हवा. जर्मन बातमीदार दुसऱ्याचं म्हणणं सांगताना क्रियापदाचं वेगळं रूप वापरतात, कोन्युंक्टिव्ह एक. मंत्री म्हणाले की आपल्याला काही माहीत नव्हतं, तर तिथे 'हाटे' न येता 'हाबे' येतं, म्हणजे हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. मी लगेच हात वर केला, "मॅडम, हे आपलं 'म्हणे'!" त्या म्हणाल्या, "जवळपास. पण तुझ्या 'म्हणे'त मंत्र्यावर विश्वास नाही हे ऐकू येतं. कोन्युंक्टिव्ह तोंड वाकडं करत नाही." तेव्हापासून मी बातमी भाषांतरताना 'म्हणे' टाळते, 'असं त्यांचं म्हणणं आहे' लिहिते.

आणि काही ठिकाणी मराठी साफ दगा देते. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत म्हणून खूश होऊ नका, वाटप वेगळं आहे. सूर्य तिथे स्त्रीलिंगी. 'दास मेडशन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी, पण ते आपल्या 'ते पोरगं'वरून पचतं. शब्दातल्या आघाताला मात्र मराठीत उत्तर नाही. 'उमफारेन'मध्ये पहिल्या भागावर जोर दिला तर गाडीने उडवणं, दुसऱ्यावर दिला तर वळसा घालून जाणं. मी तोंडी परीक्षेत घोडबंदर रोडवरचे सगळे खड्डे उडवून लावले.

साहित्याबद्दल थोडक्यात, नाहीतर हे संपणार नाही. जर्मन नाटककार ब्रेश्टचं द्राइग्रोशनओपर हे संगीत नाटक १९२८मध्ये बर्लिनला रंगमंचावर आलं, तेही जॉन गे यांच्या १७२८च्या इंग्रजी नाटकावरून, आणि गे यांचा मजकूर जर्मनमध्ये आणला होता एलिझाबेथ हाउप्टमान यांनी. तिथून पुलंनी १९७८मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' केला. माझा तिसरा निबंध यावर होता. जर्मन गाणं आणि मराठी गाणं शेजारी ठेवून महिनाभर बसले, त्या एका महिन्यासाठी फी वसूल झाली असं मी मानते.

सी वनचं काय? काळा घोड्याला जाऊन गोएथे इन्स्टिट्यूटची परीक्षा दिली. चार मॉड्यूल, प्रत्येकात शंभरातले साठ हवेत. वाचन आणि लेखन एम.ए.मुळे आरामात निघालं, बोलणं लाइपझिगच्या कृपेने. ऐकण्यात चोपन्न. विद्यापीठात आम्ही ऐकतो ते एकटा माणूस सावकाश वाचतो ते व्याख्यान. परीक्षेत एकमेकांना तोडत बोलणारी माणसं होती. मॉड्यूल सुटं देता येतं हे नशीब, सगळी परीक्षा पुन्हा द्यायची नाही.

तेव्हा फोनवाल्यांनो, फक्त सर्टिफिकेट हवं असेल तर दोन वर्षं इथे घालवू नका, क्लास लावा. नोकरी करून एम.ए. होतं का? होतं, पण शनिवार-रविवार गेले समजा. वाचायची आवड नसेल तर पहिल्याच झेरॉक्सला पळ काढाल, आमच्यातले तिघे गेले. भाषांतर करायचं असेल तर मात्र घ्याच, आणि शाळेचं मराठी व्याकरणाचं पुस्तक रद्दीत दिलं असेल तर परत मिळवा.

मी ऐकण्याचं मॉड्यूल पुन्हा देणार आहे. डॉइचलांडफुंक या जर्मन रेडिओवरच्या चर्चा कानात लावून सकाळची लोकल पकडते. परवा दिवा स्टेशन गेल्यावर कार्यक्रमात कुणीतरी "निश्ट वार?", म्हणजे 'खरं नाही का?', विचारलं, दुसऱ्याने "दोख!" म्हटलं, आणि माझ्या तोंडून मोठ्याने "आहे की!" निघालं. शेजारच्या बाईंना वाटलं मी जागेबद्दल बोलतेय. त्या सरकल्या आणि मला चौथी सीट मिळाली.