नववीच्या फिजिक्सची बॅच, युनिटच्या चुकांसाठी तरी पोरांना पाठवा

नागपुरात प्रतापनगरकडे एक सर घरीच क्लास घेतात, जाहिरात नको म्हणतात म्हणून नाव टाकत नाही. मुलीला 'गतीचे नियम' या धड्यासाठी उन्हाळी बॅचला टाकलं होतं आणि पैसे पूर्ण वसूल झाले.

सूत्रं पोट्ट्यांना पाठच असतात हो, मार्क जातात ते किमी आणि तास तसेच सूत्रात टाकल्यामुळे, आणि सर नेमके तिथेच पकडतात. वर्धा रोडचा डबल डेकर पूल ३.१४ किमी, गाडी ५४ किमी/तास स्पीडने, किती सेकंद लागतील? अर्धा वर्ग ३१४० भागिले ५४ करून ५८ सेकंद लिहितो, आणि उत्तर दिसायला बरं दिसते म्हणून कोणी परत बघतच नाही. किमी/तासचे मीटर/सेकंद करायला ५४ ला ५/१८ ने गुणलं की १५ मीटर प्रति सेकंद, मग येतात २०९ सेकंद, म्हणजे जवळपास साडेतीन मिनिटं! ब्रेकच्या गणितात तर अजून वाट लागते कारण तिथे वेगाचा वर्ग असतो. ७२ किमी/तास, मंदन (वेग कमी होण्याचा दर) ४ मी/से², तर गाडी ५० मीटरवर थांबते, पण ७२ तसंच टाकलं तर ६४८ मीटर, जवळपास १३ पट.

१ तास २० मिनिटं म्हणजे १.२० तास लिहिणारेही खूप आहेत, ६० च्या स्पीडला ८० किमीच्या जागी ७२ येतात.

मला सर्वात आवडलं ते हे की सर डोळे मिटून ५/१८ लावू देत नाहीत, अंतर किमीत आणि वेळ तासात असेल तर बदलायचं काहून, असं विचारतात. प्रत्येक स्टेपला आकड्यासोबत एकक लिहिलं नाही तर वही परत. मुलगी आता केमिस्ट्रीतही तसंच लिहिते.

तक्रारी दोन. सरावाच्या झेरॉक्समध्ये काही उत्तरांत त्वरणाला मी/से छापलंय, वर्ग गायब, ज्या क्लासमध्ये हेच शिकवतात तिथे हे अजिबात चालू नये, सरांना सांगितलंय. दुसरं म्हणजे एका खोलीत फार गर्दी, मे महिन्यात एक कूलर पुरत नाही, सकाळची बॅच मिळाली तर तीच घ्या.