स्पेक्ट्रमसाठी घेतलेल्या ४११६ चिप्स: आठ महिन्यांचा अनुभव

काकांच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरवर त्यांनीच बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला ऊसबिलाचा हिशेब चालायचा. कॅसेट घरात होती, मशीन मात्र बंद. म्हणून हा खटाटोप.

या मशीनची खालची १६के (किलोबाइट) मेमरी आठ ४११६ या मेमरी चिप्सवर असते. या चिपला तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. बाकीचे दोन असताना उणे ५ गेलं, तर चिप मरते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकने हे व्होल्टेज बनवणाऱ्या भागातला टीआर४ ट्रान्झिस्टर बदलला, चिप्स काढून सॉकेट बसवले आणि बजावलं, "भावा, आधी मीटर लाव, मग चिप." तिन्ही व्होल्टेज रिकाम्या सॉकेटवरच मोजले. हे सोडून काहीही करू नका.

ऑनलाइन मागवलेला पहिला सेट दिसायला कोरा करकरीत, सगळ्यांवर एकच तारीख. फेब्रुवारीतल्या थंड सकाळी पीक (मेमरीतला आकडा वाचणारी बेसिकची आज्ञा) वापरून पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ प्रिंट करून पाहिलं, मेमरीचा शेवटचा पत्ता ६५५३५ आला. म्हणजे पूर्ण ४८के. पण चाळीस मिनिटांनी पांढऱ्या स्क्रीनवर जांभळे चौकोन उगवायला लागले, एक, मग चार, मग ओळच्या ओळ.

त्या जांभळ्यानेच चिप दाखवून दिली. स्क्रीन याच १६केमध्ये राहते आणि प्रत्येक चिप बाइटचा एकेक बिट सांभाळते. पांढऱ्या कागदात, म्हणजे स्क्रीनच्या मागच्या रंगात, निळा, लाल, हिरवा हे तिन्ही बिट लागतात. हिरवा गळला की उरतो जांभळा. कागदाचा हिरवा म्हणजे बाइटमधला डी५ हा बिट, आणि डी५ म्हणजे बोर्डावर आयसी११ लिहिलेली चिप. चिप बदलली, जांभळा गेला. आठवड्याने दुसरा रंग गळायला लागला.

४११६ मधला चार्ज दर २ मिलिसेकंदांत रिफ्रेश, म्हणजे पुन्हा भरून ताजा, करावा लागतो, आणि चिप तापली की तो लवकर गळतो. माझी खोली पत्र्याची. एप्रिलमध्ये दुपारी तो सेट वीस मिनिटंही टिकेना. शेवटी कापसावर ॲसिटोन घेऊन एक चिप पुसली. काळा रंग बोळ्यावर आला आणि खाली जुना छाप निघाला, शेवटी -४. म्हणजे २५० नॅनोसेकंदांची हळू चिप, वरून -२ म्हणजे १५० ची वेगवान असं छापून विकलेली. फसवणूकच ही.

दुसरा सेट मुद्दाम जुन्या बोर्डावरून काढलेला घेतला. पायांवर कथिल, छाप पुसट पण मूळचा, दिसायला गबाळा. मे महिना त्याने निभावला. जुलैत पाऊस लागून राहिला तेव्हा स्क्रीन पुन्हा बिघडली आणि मी चिप्सनाच दोष देत बसलो. खरं दुखणं स्वस्त पत्तीच्या सॉकेटचं होतं: चिप बोटाने दाबली की चित्र सुधारायचं, सोडली की बिघडायचं. गोल पिनचे सॉकेट बसवल्यापासून तक्रार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. चकचकीत सेट घेऊ नका, गबाळा घ्या, आणि दुपारच्या उन्हात तीन तास चालवल्याशिवाय पास म्हणू नका.

आता ऑक्टोबर आहे. परवा काकांची कॅसेट लावली. तिसऱ्या प्रयत्नात लोड झाली आणि पहिल्याच ओळीत "टनेज?" विचारलं. काकांनी चष्मा लावून आकडा स्वतः टाकला.