हिवाळ्यात घर-गाडी दोन महिने बंद: काय चालू ठेवायचं, काय काढून टाकायचं?

पारा शून्याच्या बराच खाली उतरणाऱ्या भागात घर महिना-दोन महिने बंद राहणार असेल, तर निवड मुळात दोन मार्गांमधली असते. हीटिंग मंद ठेवून घर ऊबदार ठेवायचं, किंवा पाइपांतलं सगळं पाणी काढून घर थंड पडू द्यायचं. मागे राहणाऱ्या गाडीचंही तेच: बॅटरी मेंटेनरवर (ती भरलेली ठेवणाऱ्या, प्लगला जोडून ठेवायच्या छोट्या चार्जरवर) ठेवायची की तिचं टर्मिनल सोडवायचं? दोन्ही ठिकाणी आधी एक गोष्ट तपासावी. आपण दूर असताना ऐन थंडीत दोन दिवस वीज गेली, तर काय होईल? मासिक बिलाचा हिशोब त्यानंतर.

घर: मंद हीटिंग की कोरडे पाइप

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बहुतेक वेळा पाइप बर्फ जमतो तिथे फुटत नाही. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो आणि पाइप त्या पट्ट्यात फुटतो. ते लगेच कळतही नाही, कारण बर्फानेच वाट अडवलेली असते. थंडी ओसरली, बर्फ वितळला की पाणी वाहू लागतं आणि मेन व्हॉल्व्ह उघडा असेल तर कोणी येईपर्यंत वाहतच राहतं.

मंद हीटिंगसाठी थर्मोस्टॅट १२ ते १३ अंश सेल्सिअसवर ठेवा. ७-८ अंशही शून्याच्या वरच आहेत, मग तेवढे का पुरत नाहीत? थर्मोस्टॅट खोलीच्या मधल्या हवेचं तापमान मोजतो. बाहेरच्या भिंतीतला किंवा सिंकखालच्या कपाटातला पाइप त्याहून कितीतरी थंड असतो. म्हणून ती कपाटं आणि आतल्या खोल्यांची दारं उघडी ठेवून जायचं. या मार्गात लाकडी फरशी, फर्निचर, रंग सगळं सुरक्षित राहतं आणि परतल्यावर तासाभरात घर राहण्याजोगं होतं. मोठा दोष एकच, पण गंभीर: सगळी भिस्त विजेवर. गॅसवर चालणाऱ्या बॉयलरचाही पंप आणि कंट्रोल विजेवरच चालतात. तापमान कळवणारा वायफाय सेन्सर लावला, तरी वीज गेल्यावर राउटरही बंद पडतो. तेव्हा सेन्सर ‘ऑफलाइन’ गेल्याचीसुद्धा सूचना देणारं ॲप निवडा, आणि सूचना मिळाल्यावर प्रत्यक्ष जाऊ शकेल अशा कोणाकडे तरी किल्ली ठेवा. नुसत्या सूचनेने घर वाचत नाही.

पाणी काढण्याचा मार्ग विजेवर अवलंबून नाही, हेच त्याचं बळ. पण इथे क्रम चुकला तर नुकसान हमखास. सर्वांत आधी वॉटर हीटरची वीज किंवा गॅस बंद करा; टाकी रिकामी असताना हीटर चालू राहिला तर एलिमेंट जळतं. मग मेन व्हॉल्व्ह बंद, विहिरीचा किंवा बोअरचा पंप असेल तर त्याचा स्विचही बंद. आता वरच्या मजल्यापासून खालपर्यंत गरम-थंड सगळे नळ उघडा आणि सर्वांत खालच्या नळातून पाणी जाऊ द्या. एका दांड्याचा मिक्सर असेल तर दांडा मधोमध ठेवा. एका टोकाला राहिला तर दुसऱ्या बाजूचं पाणी तसंच कोंडून राहतं. ही चूक फार होते आणि ती मिक्सरच्या फुटलेल्या कार्ट्रिजमध्ये (पाणी उघड-बंद करणाऱ्या आतल्या भागात) दिसते. हँडशॉवरची नळी खाली सोडा. हीटरची टाकी होजने रिकामी करताना गरम पाण्याचा एखादा नळ उघडा हवाच, नाहीतर आत हवा शिरत नाही आणि पाणी अर्ध्यातच थांबतं. वॉशिंग मशीन, डिशवॉशर, पाण्याचा फिल्टर, फ्रिजला जाणारी बारीक नळी, बागेतला नळ हे सगळे राहून जाणारे कोपरे आहेत. पाइप कुठे झोळ खात असेल तर तिथलं पाणी उताराने निघत नाही. ते कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून काढावं लागतं, दाब साधारण ४० पीएसआयच्या आत ठेवून.

राहिले सिंक, बेसिन, बाथरूमच्या जाळीखालचे ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारे वाकडे पाइप. ते रिकामे करायचे नाहीत, कारण गटाराचा वायू घरात येऊ न देणं हेच त्यांचं काम. प्रत्येकात पाव ते अर्धा लिटर प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, नळकामासाठी मिळणारं बिनविषारी अँटिफ्रीझ ओता. आतलं पाणी पुढे ढकललं जाईल इतकं. कमोडचा फ्लश टँक रिकामा करून स्पंजाने टिपा, भांड्यातलं पाणी शक्य तेवढं काढा आणि साधारण लिटरभर अँटिफ्रीझ घाला. गाडीचं कूलंट इथे कधीही वापरू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जिवाला घातक असतं. कुत्र्या-मांजरांना थोडंसंही पुरतं.

काही घरांत हा मार्ग बादच समजा. रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरत असेल, तर नळ रिकामे केल्याने ते पाणी निघत नाही. एकतर हीटिंग चालू ठेवा किंवा तंत्रज्ञाकडून त्या सर्किटमध्ये ग्लायकॉल भरून घ्या. आग विझवणारे स्प्रिंकलर असतील तर त्यांचं पाणी बंद करायचं नसतं, म्हणजे ऊब हवीच. फ्लॅटमध्येही मंद हीटिंगच बरं, कारण आपली भिंत गोठली तर शेजाऱ्याचाही पाइप धोक्यात येतो.

उरलेल्या बहुतेक घरांसाठी आमचा कौल मधल्या वाटेला: हीटिंग १२-१३ अंशांवर, मेन व्हॉल्व्ह बंद, नळ क्षणभर उघडून दाब सोडलेला, इलेक्ट्रिक वॉटर हीटरचा ब्रेकर खाली. यानंतर एखादा पाइप फुटला तरी पाइपांत उरलेलं तेवढंच पाणी सांडतं. फक्त बॉयलर मेनमधून आपोआप पाणी ओढून घेणारा असेल, तर मेन बंद करण्याआधी तंत्रज्ञाला विचारा. मुक्काम दोन महिन्यांहून लांबणार असेल, वीज वारंवार जात असेल किंवा घरावर लक्ष ठेवणारं कोणीच नसेल, तर मात्र पाणी पूर्ण काढणंच योग्य.

विम्याचे कागद निघण्यापूर्वी वाचा. घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की पाण्याच्या नुकसानीची भरपाई थांबते किंवा अटी लागू होतात, असं कलम पुष्कळ पॉलिसींत असतं. बंद केलेल्या व्हॉल्व्हचे आणि थर्मोस्टॅटचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

फ्रिज बंद करणार असाल तर पुसून कोरडा करा आणि दार अडकण लावून उघडं ठेवा. दार बंद राहिलं तर बुरशी धरते.

गाडी: मेंटेनर, सुटं टर्मिनल की शेजाऱ्याला किल्ली

बंद गाडीतही अलार्म, लॉक आणि कंट्रोल युनिट थोडा करंट घेत राहतात. ५० मिलीअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी २५ दिवसांत अर्धी होते, तीही नवी आणि पूर्ण भरलेली असेल तर. शिवाय भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीत टिकते, रिकामी मात्र उणे १० अंशांच्या आसपासच गोठू शकते. गोठलेली बॅटरी चार्जरला लावायची नाही, ती फुटू शकते.

गॅरेजमध्ये प्लग असेल तर मेंटेनर सर्वांत चांगला. तो बॅटरी भरली की १३.२ ते १३.६ व्होल्टवर येऊन थांबतो. जुना, सतत करंट सोडणारा साधा चार्जर महिनाभर लावून जाऊ नका. त्याने आतलं पाणी आटतं. बॅटरी एजीएम प्रकारची (आतलं द्रव काचतंतूंच्या थरात शोषलेलं, सीलबंद) असेल तर मेंटेनर त्या मोडवर हवा.

प्लग नसेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून (थोडा वेळ थांबून मोजल्यावर १२.६ व्होल्टच्या वर) निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. आधी निगेटिव्हच, म्हणजे पुढे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. परत जोडताना आधी पॉझिटिव्ह. घड्याळ, खिडक्यांची सेटिंग, काही रेडिओंचा कोड पुसला जातो, तो कोड लिहून ठेवा. बॅटरी डिकीत आणि डिकीचं कुलूप विजेवर असेल, तर डिकी लावण्याआधी ती किल्लीने उघडते का ते बघून घ्या.

तिसरा पर्याय लोकप्रिय आहे, पण आम्ही तो सुचवत नाही. आठवड्यातून दहा मिनिटं जागेवर इंजिन चालवलं तर स्टार्टरने घेतलेला चार्ज जेमतेम भरून निघतो, आणि इंजिन नीट न तापल्याने तेलात व सायलेन्सरमध्ये ओल साठते. शेजारी प्रत्यक्ष रस्त्यावर अर्धा तास गाडी फिरवणार असतील तरच किल्ली द्या.

बाकीचं थोडक्यात. पेट्रोलची टाकी भरून ठेवा, म्हणजे आत ओल धरायला जागा राहत नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ असेल तर टाकीत पेट्रोल खराब होऊ न देणारं फ्युएल स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं इंजिन चालवा. डिझेल हिवाळी ग्रेडचंच हवं, नाहीतर त्यातलं मेण जमून फिल्टर तुंबतो. टायरमधला दाब तापमान साडेपाच अंश उतरलं की साधारण १ पीएसआयने घटतो, म्हणून साइडवॉलवरच्या कमाल मर्यादेत ३-४ पीएसआय जास्त भरा. हँडब्रेक ओढू नका, पॅड डिस्कला चिकटतात. गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’वर ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. कूलंट पाण्याशी निम्मं-निम्मं असलं की साधारण उणे ३५ अंशांपर्यंत पुरतं. शुद्ध कूलंट भरणं उलट वाईट, ते उणे १२-१३ अंशांतच गोठू लागतं. काचेवर मारायचं पाणीही हिवाळी भरा आणि पंपातून दोनदा उडवा, म्हणजे नळीतलं जुनं पाणी निघून जाईल. एअर इनटेकला उंदरांसाठी स्टीलची जाळी लावली, तर स्टिअरिंगवर तशी चिठ्ठी चिकटवा. जाळीसकट इंजिन सुरू करायचं नाही.

परतल्यावर पाणी भरताना मेन व्हॉल्व्ह आधी थोडासाच उघडा आणि नळांतून हवा फुसफुसत निघू द्या. वॉटर हीटरचा ब्रेकर गरम पाण्याचा नळ सलग धारेने वाहू लागल्यावरच वर करा.