एडिनबरात असाल तर गुरुवारी हे बघाच
स्कॉटिश पार्लमेंटची पब्लिक गॅलरी. तिकीट फुकट आहे पण आधी बुक करून ठेवा, आणि आत जाताना एअरपोर्टसारखं चेकिंग असतं. गुरुवारी दुपारी १२ ला फर्स्ट मिनिस्टरला (म्हणजे स्कॉटलंड सरकारच्या प्रमुखाला) प्रश्न विचारतात ते बघायला जायचं. १२९ मेंबर अर्धगोलात बसतात, आधी विरोधी पक्षांचे नेते हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टवरून वगैरे धारेवर धरतात आणि मग साधे मेंबर आपल्या भागातली शाळा, बेटावरची फेरी बोट असं काढतात, मला हाच भाग जास्त भारी वाटला, कारण इथे गोलमोल उत्तर लगेच उघडं पडतं. आरोग्य-शिक्षण या पार्लमेंटकडे, संरक्षण लंडनच्या ब्रिटिश पार्लमेंटकडे, एवढं माहीत असलं की पुरे. ऑनलाइन लाइव्ह पण दिसतं, तरी प्रत्यक्ष बघण्यात खरी मजा. गॅलरीत टाळ्या मात्र वाजवायच्या नाहीत हं.